सीलबंद टिटवी

मेजर थर्लोचं नाव निघालं की अजून माझं डोकं फिरतं. तेव्हा आधीच सांगते, ही गोष्ट मी गोड आवाजात सांगणार नाही. गोड आवाज हवा असेल तर माझ्या भावाला विचारा. पण तो काही सांगायचा नाही, तोंडात गुळणी धरून बसायची त्याला लहानपणापासूनची सवय.

रविवार होता. मी मटणाचा भाजलेला तुकडा टेबलावर ठेवला, सुरा हातात घेतला, आणि ऑब्री म्हणाला, "हेस्टर, मला काम मिळालंय."

"कुठे?"

"लॅव्हरिक कंपनीत. टिटवी उडवायचीय."

"टिटवी? जिनं तुला शेतात आपटलं, तीच?"

"इंजिन त्याच जातीचं. सील करून सहाशे तास उडवायचंय. त्यांना वैमानिक हवाय."

"आणि अख्ख्या इंग्लंडात दुसरा कुणी सापडला नाही?"

"मेजर म्हणाले, तुम्हीच हवे."

"तुम्हीच हवे! अरे गाढवा, का हवास ते कळतंय का तुला?"

"कळतंय," तो म्हणाला आणि बटाटे वाढून घेऊ लागला. माझी भूक मेली होती. त्याने मात्र दोनदा वाढून घेतलं.

का हवा, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल. मी हेस्टर फेनविक, मार्लिंग फ्लाइंग क्लबची सचिव. ऑब्री तिथला शिक्षक होता. आमची विमानं दोन माणसांची, हलकी, कापडाच्या पंखांची, आणि नाकात लॅव्हरिकचं टिटवी इंजिन. त्या काळात हलक्या विमानाच्या इंजिनाचं कसं, तर चाललं तर चाललं. मध्येच शिंकायला लागलं की खाली बघून सपाट शेत शोधायचं. त्यामुळे ज्याचं इंजिन भरवशाचं ठरेल, त्याचा माल प्रत्येक क्लब घेणार हे उघड होतं.

त्याच वर्षी ईस्टरच्या आधी लायनेल पास्क पहिल्या धड्याला वर गेला. पास्क म्हणजे आमच्या गावचा दातांचा डॉक्टर. पुढच्या बैठकीत ऑब्री, मागे पास्क. पाणचक्कीवरून विमान वर चढत होतं, आणि धाडकन आवाज होऊन इंजिन बंद पडलं. उंची जेमतेम चर्चच्या मनोऱ्याच्या तिप्पट. खाली सलगमाचं शेत आणि त्यापुढे एल्मची झाडं. ऑब्रीने नाक खाली घातलं आणि डोक्यावरच्या टाकीखाली हात घालून पेट्रोलचा कॉक बंद केला. पडायच्या आधी पेट्रोल बंद करायचं, नाहीतर ते गरम इंजिनावर सांडतं आणि आतली माणसं जिवंत जळतात. हे प्रत्येक वैमानिकाच्या हाताला शिकवलेलं असतं, डोक्याला विचारायला वेळ नसतो.

विमान एल्मला धडकलं. ऑब्रीच्या गळ्याचं हाड मोडलं. पास्कच्या गुडघ्याचा चुरा झाला. पण आग लागली नाही.

आणि डॉक्टर यायच्या आत लॅव्हरिकची लॉरी आली! चौकशी करायची म्हणून इंजिन उचलून घेऊन गेले ते गेलेच. आठवड्याने त्यांचा निष्कर्ष आला: इंजिनात काहीही दोष नाही, पेट्रोलचा कॉक बंद सापडला, वैमानिकाने तो उडता उडता बंद केला. अहो, बंद केलाच होता! पण इंजिन थांबल्यावर! घरात आग लागल्यावर जो पाणी ओततो त्यालाच पाणी सांडलं म्हणून धरायचं, तसला हा प्रकार.

वर कहर म्हणजे मेजर थर्लो. हा कंपनीचा व्यवस्थापक, पिळदार मिशीचा. द्राक्षं घेऊन हॉस्पिटलात पास्कच्या खाटेशी जाऊन बसला. "मिस्टर पास्क, तुम्ही मागे होतात. फेनविकचा हात वर गेलेला पाहिलात ना?" पास्कने पाहिलाच होता. जन्मात पहिल्यांदा हवेत गेलेला माणूस, त्यात जमीन अंगावर येतेय. आधी काय झालं आणि मग काय झालं, त्या बिचाऱ्याला काय आठवणार? तो म्हणाला, हो, पाहिला. झालं.

ऑब्रीने क्लबच्या समितीला एकदाच सांगितलं, "आधी आवाज झाला, मग मी हात घातला. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तुटला असणार. इंजिन सगळ्यांसमोर उघडा." मेजर हळहळून म्हणाला की ते इंजिन केव्हाच भंगारात गेलं. समितीने ऑब्रीच्या सेवेबद्दल त्याचे मनापासून आभार मानले आणि त्याला घरी पाठवलं. आभार मानून हाकलणं आमच्या लोकांना फार सुंदर जमतं. पास्क तेव्हापासून रस्त्यात दिसला तर काठी टेकत पलीकडच्या बाजूला जायचा.

माझ्या हातात फार नव्हतं. तरी सचिव म्हणून मी एक केलं. क्लबच्या सगळ्या टिटव्यांचे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, म्हणजे जळका धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा, दर महिन्याला काढून नवे घालायला लावले. समितीला वाटे, मी क्लब बुडवायला निघालेय. वाटू दे.

तर असा हा भाऊ, आणि तो चालला होता त्याच कंपनीचं इंजिन भरवशाचं आहे हे सिद्ध करायला. दुसऱ्याच दिवशी मेजरने पेपरात छापलं, "ज्याने टिटवी बंद पाडली, त्याच्याच हाती टिटवी सहाशे तास!" वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. विचार करा ना. इंजिन चाललं, तर चूक ऑब्रीची होती यावर कायमचं शिक्कामोर्तब. नाही चाललं, तर हा परत कुठल्यातरी झाडावर. काहीही झालं तरी मेला माझाच भाऊ!

"तू नाही म्हण," मी म्हटलं.

"हो म्हणून आलोय."

"मग तुझा डबा तू कर."

सील करायचा सोहळा आमच्याच हँगरमध्ये झाला. सरकारी तपासनीस आला. त्याने कंपनीच्या कोठारात रांगेने ठेवलेल्या इंजिनांतून स्वतः एक निवडलं होतं. ते विमानाला बसवलं, आणि तपासनिसाने प्रत्येक जोडावर तार ओवून शिशाची सीलं ठोकली. आता तेल घाला, प्लग पुसा, बाहेरून पोचेल तिथे हात लावा, पण आत बघायचं नाही. मेजरने मोठ्या आवाजात अटी वाचल्या. मध्येच मोडलं तर कंपनी इंजिन घरी नेईल आणि विषय संपला. सहाशे तास पुरे झाले तर याच ठिकाणी, सगळ्यांच्या देखत सीलं तोडून भाग न् भाग मांडून दाखवला जाईल. "आमच्याकडे लपवण्यासारखं काही नाही," मेजर म्हणाला. ऑब्री टोपी हातात धरून ऐकत होता, शाळेत बक्षीस घ्यायला आलेल्या मुलासारखा. मला त्याच्या पाठीत धपाटा घालावासा वाटला.

मग सुरू झालं. मार्लिंगहून समुद्रापर्यंत आणि परत, जेवण, पुन्हा समुद्रापर्यंत आणि परत. थंडी पडली तसा तो कोटाच्या आत वर्तमानपत्रं खुपसून जाऊ लागला. बहुतेक मेजरच्याच जाहिरातीची असतील. उघड्या विमानात बसून परत यायचा तेव्हा त्याचा जबडा इतका आखडलेला असायचा की चहाचा कप ओठाला लावता यायचा नाही. आणि इंजिनाचे लाड काय विचारता! सुरू करताना दहा-दहा मिनिटं हळूच तापवणार. रेस कधी पूर्ण खेचणार नाही. उतरल्यावर तेलाचा थेंब बोटावर घेऊन निरखणार. शत्रूचं पोर मांडीवर घेऊन भरवावं, तसं चाललं होतं सगळं.

मी ऑफिसात टायपिंग करत बसायची आणि कान त्या घरघरीकडे. फुटू दे मेलं, असं वाटायचं. मग वाटायचं, फुटलं तर तो वर आहे. असल्या विचारांत मी कितीतरी पत्रं चुकीच्या पत्त्यावर पाठवली.

जानेवारीत एकदा माझा तोल सुटलाच. तो सूप पीत होता.

"उद्या विमान जमिनीवर उभं कर," मी म्हटलं, "खुंट्याला बांध, रेस पूर्ण खेच आणि फोडून टाक एकदाचं. तुला इजा नाही, आणि त्यांचं नाक कापलं जाईल."

"नाही. ते सहाशे तास चाललंच पाहिजे."

"का? मेजरच्या मिशीला आणखी पीळ पडावा म्हणून? त्याचे बूट पण आणतोस का घरी पॉलिश करायला?"

"ब्रेड दे."

"लाज वाटत नाही तुला?"

त्याने स्वतःच उठून ब्रेड घेतला. त्यानंतर बरेच दिवस आमच्या घरात 'मीठ' आणि 'दार लाव' यापलीकडे बोलणं नव्हतं.

मे महिन्यात सहाशे तास भरले. शनिवार होता, लख्ख ऊन. कंपनीने हँगर झाडून घेतला, लांबच लांब टेबलांवर पांढऱ्या चादरी घातल्या. एका टेबलावर चहा आणि काकडीची सँडविचेस, दुसरं इंजिनासाठी. दोन-तीन पेपरवाले, क्लबची सगळी मंडळी, टोप्या घातलेल्या बायका. तपासनिसाने कातरीने तारा तोडल्या. कंपनीच्या फिटरने एकेक भाग काढून, पुसून चादरीवर मांडला. तोंडावर मारल्यासारखं चकचकीत होतं सगळं. कुठे चरा नाही, कुठे जळल्याची खूण नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मेजर भाषणाला उभा राहिला. "सभ्य स्त्रीपुरुषहो, हे इंजिन म्हणजे काही खास बनवलेलं रत्न नाही. तुमच्या क्लबात आहे, तेच हे. यापुढे विमान खाली आलं तर इंजिनाला नावं ठेवू नका. दोष शोधायचा असेल तर तो वैमानिकाच्या बैठकीत शोधा." हशा पिकला. सगळ्यांनी ऑब्रीकडे बघून न बघितल्यासारखं केलं. "तरीही आमचा मिस्टर फेनविकवर राग नाही. त्यांना ही भेट." आणि त्याने अॅशट्रे करायला म्हणून या इंजिनाचा एक पिस्टन देऊ केला! माझ्या हातात चहाचा कप होता. तो मी मेजरवर फेकला नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

ऑब्रीने पिस्टन घेतला नाही. सभ्यपणे म्हणाला, "मेजर, लोकांनी हे भाग हातात घेऊन बघितले तर चालेल का?"

"अवश्य! या, या, हात लावा, बघा!" मेजर फुलून गेला होता.

लोक टेबलाभोवती जमले. पास्कही काठी टेकत आला. आमच्या क्लबात रविवारी सभासदांनी स्वतः इंजिनाचे व्हॉल्व्ह घासायची पद्धत आहे, आणि पास्क गुडघा गेल्यापासून उडत नसला तरी त्या कामाला हमखास येतो. आयुष्यभर लोकांचे दात घासत आलेला माणूस, त्याला त्यात काय आनंद मिळतो ते तोच जाणे. त्याने एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उचलला, बोटांत फिरवला, नखाने खरवडला.

"हा टिटवीचा नाही," तो म्हणाला.

मेजर हसला. "अहो मिस्टर पास्क, आत्ता तुमच्या डोळ्यांदेखत काढला की!"

"मग मी दर रविवारी घासतो ते कुणाचे? त्यांची दांडी याच्या निम्मी आहे. डोकं चपटं. आणि हा धातूच वेगळा आहे. धातू मला कळतो, मेजर, मी तो लोकांच्या तोंडात बसवतो."

"कंपनी सतत सुधारणा करत असते."

"सुधारणा?" माझ्याने राहवेना. "गेल्याच आठवड्यात तुमच्याकडून व्हॉल्व्हचा खोका आला. त्यात बारीक दांडीचेच आहेत! आम्हाला जुना माल खपवायचा, आणि इथे मिरवायला नवा?"

"मिस फेनविक, ही चहाची वेळ आहे."

"चहा गेला खड्ड्यात!"

आजूबाजूच्या सगळ्या माना खाली गेल्या. आमच्याकडे कुणी आवाज चढवला की लोकांना आपल्या कपात फार रस वाटू लागतो. पण तपासनीस पुढे आला. "मेजर, हा बदल आम्हाला कळवलेला नाही. कधी केलात?"

सरकारी माणसाला उत्तर द्यावं लागतं. मेजरने मिशीला हात लावला, खाली घेतला. "गेल्या वर्षी."

"गेल्या वर्षी कधी?"

"ईस्टरच्या… नंतर लगेच."

पास्कच्या हातून काठी सुटली. कुणीतरी उचलून दिली, ती त्याने घेतलीसुद्धा नाही, टेबलालाच धरून उभा राहिला. "म्हणजे माझं इंजिन तुम्ही उघडलं होतं. त्यात काय मोडलं ते बघितलं होतं. आणि मग द्राक्षं घेऊन माझ्याकडे आलात."

मेजर टेबलावरची चादर सारखी करू लागला.

"फेनविक," पास्क वळून म्हणाला, "आवाज आधी झाला होता. नाही का? आधी धाडकन झालं. मला आता ऐकू येतंय ते."

"हो," ऑब्री म्हणाला.

"आणि मग तुम्ही हात वर घातलात. आपण झाडावर जात होतो, आणि तुम्ही विमान सांभाळायचा दांडा सोडून हात वर घातलात. का?"

"तुम्ही जळू नये म्हणून."

पास्कचा चेहरा पांढराफटक पडला. "आणि मी त्याच हाताविरुद्ध साक्ष दिली," तो म्हणाला. हळू नाही, हँगरभर ऐकू जाईल असं. आणि तो चार लोकांत, बायकांसमोर, रडायला लागला. बरं झालं. माझ्या मनात त्याच्याबद्दल जे साठलं होतं त्यातलं निम्मं तिथेच वाहून गेलं. निम्मंच.

मेजरला वाटलं, आता निभावून नेता येईल. घसा साफ करून म्हणाला, "हा सगळा गैरसमज दुःखद आहे. कंपनी मिस्टर फेनविकना योग्य ती जागा देईल—"

"बाकीच्यांचं काय?" ऑब्री म्हणाला.

"बाकीचे कोण?"

"ज्या क्लबांत जुने व्हॉल्व्ह आहेत ते! त्यांची विमानं जमिनीवर ठेवायला सांगा."

"अर्थातच. सोमवारी आम्ही सर्वांना पत्रं—"

"सोमवारी?"

माझा भाऊ ओरडला. जन्मात पहिल्यांदा ऐकलं मी ते. वर छपरातली पाखरं उडाली. "अरे नालायका, आज शनिवार आहे! ऊन पडलंय! या घटकेला देशातलं प्रत्येक पोर विमानात बसलं असेल, आणि तू सोमवार सांगतोस? फोन कर! आत्ता!"

"मिस्टर फेनविक, तुम्ही शुद्धीवर—"

"आत्ता!"

तपासनीस शांतपणे म्हणाला, "मला वाटतं, करावाच फोन." आणि गंमत म्हणजे, इतका वेळ कपात बघत असलेली मंडळी कप खाली ठेवून मेजर आणि दाराच्या मध्ये येऊन उभी राहिली. नुसती उभी राहिली.

फोन माझ्या ऑफिसात. सगळ्या क्लबांचे नंबर माझ्याकडे. मी पहिला लावून दिला, उत्तरेकडच्या एका क्लबाचा. मेजरने तोंड कडू करून निरोप सांगितला. पलीकडचा काहीतरी बोलला, आणि मेजर आमच्याकडे बघायला लागला.

"काय म्हणतोय?" ऑब्रीने विचारलं.

"त्यांची टिटवी वर आहे. आत्ताच गेली. कुणी मुलगी आहे, पहिला धडा."

"फोन ठेवू नका. उतरेपर्यंत धरून ठेवा."

मग त्या एवढ्याशा खोलीत आम्ही उभे राहिलो. मी, ऑब्री, तपासनीस, दाराच्या चौकटीला टेकलेला पास्क, आणि कानाला फोन लावलेला मेजर. मेजरच्या कपाळावरून घाम मिशीत उतरत होता. पुसायला त्याचा हात मोकळा होता, पण तो पुसत नव्हता.

"तुला माहीत होतं," मी ऑब्रीला हळूच म्हटलं.

"पहिल्या पन्नासेक तासांतच कळलं. जुना व्हॉल्व्ह असता तर तोवर इंजिन शिंकायला लागलं असतं. हे शिंकलंच नाही. म्हणजे त्यांनी बदललाय."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर इंजिन त्याच दिवशी कंपनीत परत गेलं असतं. पहिल्यासारखं. पुरे तास झाले तरच लोकांसमोर उघडणार होते."

"अरे, पण मला? मला तरी सांगायचंस! सगळा हिवाळा मी तुला…"

"हेस्टर," तो म्हणाला, "तू गप्प बसली असतीस?"

मी मेजरच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. मला त्याचा इतका संताप होता, आणि त्या क्षणी मी त्याच्याच ओठांकडे डोळे लावून बसले होते. पास्क पुटपुटत होता, बहुधा प्रार्थना. बाहेर हँगरमध्ये एवढी माणसं असून कपबशीचासुद्धा आवाज येत नव्हता.

"काही दिसतंय का त्यांना?" तपासनिसाने विचारलं.

मेजरने नकारार्थी मान हलवली. बराच वेळ गेला. मग फोनमधून कुणीतरी मोठ्याने बोलल्याचं मलाही ऐकू आलं. मेजर खुर्चीत बसला.

"उतरलं," तो म्हणाला. "दोघंही ठीक आहेत."

पास्क भिंतीला पाठ घासत खाली बसला. ऑब्रीने मेजरच्या हातातून फोन काढून घेतला, ठेवला आणि माझ्याकडे वळला.

"पुढचा नंबर दे," तो म्हणाला.